तिरोडकर काकांचं वाकडं इंग्रजी

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी आमचा फ्रिज जिन्याच्या वळणावर अडकला होता. खालून हमाल ढकलत होते, वरून मी ओढत होतो, आणि कोणाचं तरी बोट कठड्यात चेमटणार हे नक्की होतं. तेवढ्यात समोरचं दार उघडून एक उंच गृहस्थ बाहेर आले. पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी माझं नाव विचारलं. मी धापा टाकत म्हटलं, "सावंत."

"सॉ अँट?" त्यांनी डोळे मोठे केले. "कुठे पाहिलीत?"

मला वाटलं, बिल्डिंगमध्ये मुंग्यांचा त्रास असेल. मी खरोखर वाकून पायाखाली बघितलं. फ्रिज एक पायरी खाली घसरला, हमालाने शिवी हासडली, आणि ते गृहस्थ दाराला टेकून पोट धरून हसत राहिले. 'सॉ' म्हणजे पाहिली आणि 'अँट' म्हणजे मुंगी, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत फ्रिज घरात जाऊन त्याचा प्लगसुद्धा लागला होता. मला हसू आलं नाही. ज्या आडनावाने माझ्या बापाने गिरणीत हजेरी लावली, त्या आडनावाची या माणसाने पहिल्या भेटीत मुंगी केली होती.

हे तिरोडकर काका. त्यानंतर माझ्या डोक्याचं दही करण्याचं काम त्यांनी बिनपगारी आणि बिनसुट्टीचं केलं.

काका एका औषध कंपनीत एम. आर. होते. म्हणजे बॅग घेऊन दवाखान्या-दवाखान्यांतून फिरायचं आणि डॉक्टरांच्या गळ्यात कंपनीची औषधं मारायची. "डॉक्टर आपल्याला दोन मिनिटं देतो, सावंत," ते सांगायचे. "त्यात औषध लक्षात राहत नाही, माणूस राहतो. डॉक्टर हसला की निम्मं प्रिस्क्रिप्शन झालं समजा." अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन गेले की म्हणायचे, "डॉक्टर, आय कॅन स्टमक एनीथिंग, एक्सेप्ट युअर नो." 'स्टमक' म्हणजे पोट, आणि 'स्टमक' म्हणजे पचवणंही. मी सगळं पचवतो, तुमचा नकार तेवढा पचत नाही. या एका वाक्यावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गोळ्या खपवल्या, असा त्यांचा दावा होता. काका निवृत्त झाले तेव्हा डॉक्टर सुटले आणि आम्ही सापडलो.

कारण काका सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि तळमजल्यावरचा नोटिसांचा फळा त्यांच्या ताब्यात आला. लिफ्ट बंद पडली की फळ्यावर इंग्रजीत, "अवर लिफ्ट हॅज लेफ्ट." पाण्याची टाकी धुवायची असली की खाली आभार, "टँक यू." मी नवीन होतो. मला वाटलं, बिचाऱ्यांचं स्पेलिंग चुकलंय. कामाला जाता जाता मी खिशातलं पेन काढून 'टँक'च्या टीनंतर व्यवस्थित एच घातला. संध्याकाळी येऊन बघतो तर त्याखाली सुंदर अक्षरात लिहिलेलं, "एच बाय कर्टसी ऑफ मिस्टर सावंत." अख्ख्या बिल्डिंगने वाचलं. लिफ्टमध्ये लोक मला "काय एच?" म्हणायला लागले.

काकूंची तर दया यायची. त्यांना घरात एक वाक्य सरळ मिळायचं नाही. मुलगा लग्नाला तयार नव्हता, कोणी विचारलं की काका म्हणायचे, "सून विल कम सून." काकू वैतागून ओरडायच्या, "अहो, आता बस!" की लगेच, "कुठली? स्टेशनची की मिठागर रोडची?" काकू माझ्याकडे बघायच्या, मी काकूंकडे. एका रोगाने पछाडलेली दोन माणसं बघतात तसं.

मला हे एवढं का झोंबायचं, ते सांगतो. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. शाळा म्युनिसिपालिटीची, मराठी. आमच्या घरात 'ण' हे अक्षर नव्हतंच. आई 'पानी' म्हणायची, 'कोन' म्हणायची, आम्हीही तेच. कॉलेजात पोरं माझ्या 'न'ला हसली, तेव्हा मी आरशासमोर उभा राहून जीभ मागे वळवून वळवून 'पाणी, कोण, पण' घोकलं. इंग्रजीची कथा तर त्याहून वाईट. अकाउंट्सचं पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचलं, आणि पास झालो, चांगल्या मार्कांनी झालो. कोणाची मेहेरबानी नाही.

पदवीनंतर पहिला इंटरव्ह्यू अंधेरीला होता. टेबलापलीकडे तिघं साहेब. त्यातल्या एकाने खुर्चीत रेलून विचारलं, "सो, हाऊ कम यू आर हिअर?" म्हणजे, तुम्ही इकडे कसे काय वळलात. मला फक्त 'हाऊ' आणि 'कम' कळलं. मी ताठ बसून उत्तर दिलं, "बाय बस, सर."

तिघंही हसले. एकाने तर रुमाल काढला. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली ती अजून आठवते. नोकरी मिळाली नाही. घरी मी म्हटलं, जागा भरली होती. वैशालीशी लग्न झालं, तिलाही कधी हे सांगितलं नाही. आता सांगा, एकेक शब्द मी घाम गाळून कमावलेला, आणि समोरच्या दारातला माणूस त्याच शब्दांच्या गोट्या खेळत बसलेला. मला कौतुक वाटणार होतं का?

एकदा पार्किंगवरून सोसायटीची मीटिंग तापली. माझ्या स्कूटरची जागा कोणीतरी बळकावली होती. काका मला बोलूच देईनात. शेवटी मी ओरडलो, "काका, पन माझं ऐका तरी!" रागात जुना 'न' बाहेर आला. काकांनी टाळीच वाजवली. "ऐकलंत? सावंत म्हणाले, पन! इंग्रजीत शब्दांच्या कोटीला काय म्हणतात? पन! म्हणजे मराठी माणूस 'पण' म्हणाला रे म्हणाला, की इंग्रजी विनोद सुरू!" सगळे हसले. स्कूटर राहिली बाजूला. मी घरी येऊन चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

"माझ्या न-ला हसले सगळे," मी म्हटलं.

"अरे, त्यांना तुझा न ऐकूही आला नसेल," वैशाली म्हणाली. "त्यांना फक्त तो पन ऐकू आला."

"तेच ना! समोर माणूस बोंबलतोय आणि यांना शब्द ऐकू येतो. काय अर्थ आहे, यार?"

भांडून संबंधच तोडून टाकले असते, पण आमची अनू त्यांच्याकडे असायची. वैशाली घाटकोपरला लॅबमध्ये, मी अकाउंट्सच्या नोकरीवर. दुपारी पोर काकूंच्या हातचा वरणभात खायची आणि काकांच्या मांडीवर बसायची. ती त्यांना आबा आणि काकूंना आज्जी म्हणायची. आणि आबांनी तिला एबीसीडी शिकवायला घेतली. कशी? बी म्हणजे मधमाशी. सी म्हणजे समुद्र. आय म्हणजे डोळा. टी म्हणजे चहा. वाय म्हणजे 'का?'. पी म्हणजे... तिथे दोघं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायची. मी बाजारातून ए फॉर अ‍ॅपलचा तक्ता आणून भिंतीला लावला. अनूने टीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बाबा, बिस्कीट?"

सर्वांत कहर केला तो 'ही' आणि 'शी'ने. काका म्हणाले, "इंग्रज किती उलटा बघ, अनू. आपण बाईला म्हणतो, ही आई, ही आज्जी. आणि तो बाप्याला म्हणतो 'ही'! मग बाईला काय म्हणतो, माहितेय? शी!" अनू लादीवर गडबडा लोळली. पुढे आठवडाभर घरात "आई शी! आज्जी शी!" चालू होतं. वैशाली हसायची. मी दात खात होतो, कारण शाळेचे दिवस जवळ येत होते.

मला अनूला मुलुंड पश्चिमेच्या एका कॉन्व्हेंट शाळेत घालायचं होतं. माझी एकच इच्छा होती. माझी पोरगी कुठल्याही खोलीत, कुठल्याही टेबलासमोर बसली, तरी तिला इंग्रजीवरून कोणी हसता कामा नये. बस. घर, गाडी, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. त्या शाळेत लहान मुलांची मुलाखत घेत नाहीत, कारण तशी घ्यायची नाही असा नियम आहे. नुसत्या 'गप्पा' मारतात. आईबाप समोर बसतात, सिस्टर मुलाशी गप्पा मारतात, आणि मग यादी लागते.

मी काकांचं दार वाजवलं. "काका, शाळेच्या गप्पा होईपर्यंत सरळ इंग्रजी बोलायचं. सी फॉर कॅट. समुद्र नाही."

"वर्ड देतो."

"वर्ड नको, शब्द द्या."

"तेच तर दिलं."

"काका!"

"बरं बाबा, दिला."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो पाळला. पोरीसमोर ओठ मिटून बसायचे. पण जे आत जायचं ते आधीच गेलं होतं.

गप्पांच्या दिवशी वैशालीने अनूला दोन वेण्या घातल्या. मी कामावरच्या ऑडिटला घालतो तो शर्ट घातला. सिस्टर वयस्कर होत्या, बोलायला गोड. "व्हॉट इज युअर नेम, डिअर?" "माय नेम इज अनू सावंत." एकदम खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला. मग सिस्टरनी चित्र पुढे केलं. फ्रॉक घातलेली मुलगी झाडांना पाणी घालतेय.

"नाऊ टेल मी, इज धिस अ ही ऑर अ शी?"

अनूने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ गच्च दाबून म्हणाली, "ही." मराठीत अगदी बरोबर. ही मुलगी.

"नो, डिअर. शी."

झालं! पोरगी फुटली. "टीचर शी बोलली! बाबा, टीचर शी बोलली!" माझ्या मांडीवर ती अशी उड्या मारत हसत होती की मला तिला धरता येईना. मी म्हटलं, "अनू, बिहेव." ती आणखी हसली. मग मी सिस्टरना समजवायला गेलो. "सिस्टर, अ‍ॅक्चुअली, इन मराठी, ही इज शी. अँड शी इज..." आणि तिथेच थांबलो. शी म्हणजे काय, हे एका सिस्टरला इंग्रजीत कोणत्या तोंडाने सांगायचं? वैशाली खिडकीबाहेर बघत होती.

सिस्टर भल्या होत्या. त्यांनी विषय बदलला, अक्षरांची कार्डं काढली. मी मनात देवाचा धावा केला, कुठलंही काढा, फक्त ते नको. नेमकं पी निघालं. अनू हसायची थांबली, पुढे झाली, आणि सिस्टरच्या कानाशी हळूच म्हणाली, "ते ना, बाथरूममध्ये करतात."

"ओह, यू वाँट टू गो?" सिस्टरनी घंटी वाजवली. मावशी येऊन पोरीला घेऊन गेली. थोड्या वेळाने अनू परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला लागलीच नव्हती."

गप्पा संपल्या.

यादीत नाव नव्हतं. का नव्हतं, ते शाळेने सांगितलं नाही. मुलं भरपूर होती, कारण काहीही असेल. पण माझं ठरलं होतं. माझं कारण समोरच्या दाराआड राहत होतं. मी तसाच गेलो. काका पेपर वाचत होते.

"तुमचा खेळ झाला, काका, आणि माझ्या पोरीची वाट लागली," मी म्हटलं. "तुम्हाला इंग्रजी वाडवडिलांकडून मिळालं असेल, म्हणून तुम्ही ते उधळता. आम्ही एकेक शब्द कमावून आणलाय. आमच्या घरात तो उधळू नका."

काकांनी चष्मा काढला. "सावंत, माझं चुकलं," ते म्हणाले.

मी थांबलो. यातून दुसरा अर्थ कुठून निघतो, ते बघत उभा राहिलो. नाही निघाला.

त्यानंतर तिरोडकर काका सरळ झाले. लिफ्ट बिघडली तर फळ्यावर आलं, "लिफ्ट बंद आहे." लोकांना वाटलं सेक्रेटरी बदलले. जिन्यात भेटले की विचारायचे, "कसे आहात? बरं आहे ना?" आणि पुढे जायचे. मला बरं वाटायला हवं होतं. उलट चीड यायची. बोलत होते तेव्हा डोकं उठायचं, आता गप्प होते तर जास्तच उठत होतं. एक दिवस काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुनील, काय बोललास रे त्यांना?"

"काही नाही, काकू. का?"

"अरे, काल मी विचारलं, डाळ कशी झालीय? तर म्हणाले, चांगली झालीय. लग्नापासून कधी असं धड उत्तर दिलं नाही त्यांनी. डाळ म्हटलं की डॉल ऐकायचे, बाहुली शिजली का म्हणायचे. मी घाबरून बीपी बघितलं त्यांचं."

"किती निघालं?"

"नॉर्मल! तेच तर! माणूस नॉर्मल झालाय!"

अनूने तर घरी येऊन सरळ तक्रार केली. "आबा बिघडले. मी म्हटलं, आय म्हणजे? तर म्हणाले, आय फॉर इंक." तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे असं बघितलं, जणू मी तो तक्ता आणून तिचा काहीतरी गुन्हा केलाय.

रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना वैशालीने विचारलं, "त्या दिवशी शाळेत घाम कोणाला फुटला होता?"

"मला."

"मलाही. आणि अनूला?"

"तिला कसला घाम? ती तर हसत होती."

"मग?"

मग काय, मी म्हटलं आणि टॉवेल झटकला. पण ते 'मग' काही डोक्यातून जाईना. अंधेरीच्या त्या खोलीत हसणारे टेबलाच्या पलीकडे बसले होते. या वेळी हसणारी अलीकडे होती, माझ्याच मांडीवर. तिला चूक-बरोबर माहीत नव्हतं, शाळेचं नाव माहीत नव्हतं, पण समोरच्या त्या भाषेची तिला तिळमात्र भीती नव्हती. मला आयुष्यभर जे मिळालं नाही ते तिच्याकडे होतं, आणि ते ए फॉर अ‍ॅपलने दिलेलं नव्हतं. हे मान्य करायला मला चांगलाच त्रास झाला. अजूनही होतो.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो. काकूंनी कोकम सरबत दिलं. काका सरळ बसले होते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. मी विषय कसा काढायचा म्हणून एकदम सांगूनच टाकलं. अंधेरी, तिघं साहेब, 'हाऊ कम यू आर हिअर', आणि माझं उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

काकांचा चेहरा आधी नुसता लाल झाला. मग गाल फुगले. मग त्यांनी हाताने तोंड धरलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसा," मी म्हटलं. "हसा एकदाचे."

काका असे हसले की काकू आतून धावत आल्या. धाप थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "पण तुम्ही गेला होतात कशाने?"

"बसनेच."

"मग चुकलं काय? उत्तर बरोबर आहे! त्यांनाच प्रश्न धड विचारता आला नाही. अहो, असं उत्तर सुचायला मला जन्म गेला असता. तुम्ही ते पहिल्याच इंटरव्ह्यूत देऊन आलात!"

आणि मी हसलो. काय सांगू, त्या बसवर मी पहिल्यांदा हसलो. सरबत नाकात गेलं.

आता एखाद्या शहाण्या माणसाने ही गोष्ट पोटात ठेवली असती. दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि फळ्यावर नोटीस होती, "रेसिडेंट्स टू कम बाय स्टेअर्स. मिस्टर सावंत मे कम बाय बस." वॉचमनपासून सगळ्यांनी मला त्याचा अर्थ विचारला. माणूस दुरुस्त झाला होता. म्हणजे पुन्हा असह्य झाला होता.

अनू घराजवळच्या दुसऱ्या शाळेत गेली. मैदान लहान, पण बाई चांगल्या. रोज संध्याकाळी ती शाळेतला एखादा नवा शब्द समोरच्या घरी घेऊन जायची आणि दोघं मिळून त्याची पार वाट लावायची. मी ओरडायचो, कोणी ऐकायचं नाही.

ती दुसरीत गेली त्या वर्षी काका आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टर राउंडला आला. त्याने विचारलं, "हाऊ आर यू, अंकल?" काकांच्या नाकाला नळी होती. तरी ती बाजूला करत म्हणाले, "पेशंट. सगळं आयुष्य डॉक्टरांच्या दाराबाहेर पेशंटली बसलो. आज ऑफिशियल झालो." डॉक्टर हसला. नर्सने नळी जागेवर ठेवून काकांना दम दिला. मीही दिला, "काका, निदान इथे तरी." त्यांनी मला डोळा मारला. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

शोकसभा गच्चीवर ठेवली होती. नवे सेक्रेटरी कागदावर लिहून आणलेलं इंग्रजी वाचत होते. काकांच्या कंपनीतले जुने लोक आले होते, एकदोन डॉक्टरही. सगळे मोठ्या हुद्द्यावरचे, फाडफाड बोलणारे. सेक्रेटरी दर वाक्यात म्हणत होते, "लेट मिस्टर तिरोडकर, अवर लेट सेक्रेटरी." अनू माझ्या शेजारी बसली होती. ती उभी राहिली.

"बट ही वॉज नेव्हर लेट," ती मोठ्याने म्हणाली. "मीच लेट व्हायचे. ही यूज्ड टू वेट फॉर मी."

सेक्रेटरींनी कागदावरून मान वर केली. पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं त्या रडतायत. त्या रडतही होत्या. पण खांदे ज्या तऱ्हेने हलत होते ते मला ओळखता येत होतं.

मग सगळी मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बापाने पोरीला खाली बसवावं, सॉरी म्हणावं, अशा नजरेने. माझे कान तापले. जुनी सवय आहे, जात नाही. पण मी तिला बसवलं नाही. ती बरोबर बोलली होती, आणि तिचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.